सत्तावीस डिग्रीचं पेडल

नव्वदच्या दशकातला मे महिना, कुंभकोणम. कॉलेजच्या पत्र्याच्या लॅबमध्ये माझी फायनल इयरची व्हायव्हा... आणि समोर बाहेरगावाहून आलेले परीक्षक.

प्रोजेक्ट म्हणजे माझंच खूळ. मामाने जुन्या रेडिओतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर काढून गिटारसाठी फझ पेडल बनवलं होतं, आवाज खरखरीत करणारं. त्याचं अख्खं सर्किट मी कॉम्प्युटरमध्ये उतरवलं होतं. साध्या गिटारचं रेकॉर्डिंग द्यायचं आणि वाट बघायची... तीन सेकंदांचा आवाज काढायला प्रोग्रामला तास लागायचा.

डिसेंबरात पेडलचा आणि कॉम्प्युटरचा, दोन्ही आवाज इतके जुळले होते की मामालाही फरक कळला नाही. त्या दिवशी मात्र काही केल्या जुळेनात. कॉम्प्युटरचा आवाज भरदार, आणि खऱ्या पेडलचा घसा बसलेला, सूर मध्येच तुटणारा...

परीक्षक म्हणाले, प्रोग्राम चुकलाय. माझ्या हातात नोकरीचं पत्र होतं, पण पास झाले तरच.

मामा मेलकावेरीहून सायकलने आला होता, पेडल कॅरिअरला बांधून. रेडिओ दुरुस्त करणारा साधा माणूस, मळकी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसलेला. मागून हळूच आमच्या घरच्या तंजावरी मराठीत म्हणाला, "वेयिलांतून आणिलें ना मी... तें तापलें आहे." वेयिल म्हणजे ऊन.

सगळे वळून बघायला लागले. मला लाज वाटली... मी त्याला तमिळमध्ये सांगितलं, बाहेर थांब. तो बाहेर गेला.

आणि मग माझी ट्यूब पेटली. जर्मेनियम तापलं की वागणं बदलतं. प्रोग्रामला तापमान मी कधी सांगितलंच नव्हतं, तो आपला सत्तावीस डिग्री धरून बसला होता. डिसेंबरात हवाच तेवढी, म्हणून ते खपून गेलं.

मी एक तास मागितला. परीक्षकांना गाडी गाठायची होती, कपाळावर आठ्या, पण थांबले. पेडलजवळ थर्मामीटर ठेवला... एकेचाळीस. आकडा टाकला आणि रन दिला. आता करंट गेला तर सगळं संपलं. पंखा जरा मंदावला की मी स्क्रीनकडे बघायचे.

शेवटी तीन सेकंद वाजले. तोच बसलेला घसा, त्याच जागी तुटणारा सूर. परीक्षकांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग विचारलं, तापमानाचं कोणी सुचवलं?

खरं सांगते, 'मीच' हा शब्द ओठांवर आला होता. मी बाहेर गेले. मामा सायकलजवळ उन्हात उभा होता, शर्ट घामाने चिंब. त्याचा हात धरून आत आणलं आणि सांगितलं, "हे माझे मामा. यांनी."

पास झाले, नोकरीही मिळाली. घरी सगळे माझं कौतुक करत होते, मामा सगळ्यात जास्त.

पण तो बरोबर आहे हे कळल्यावरही मी त्याला तासभर बाहेरच उभं ठेवलं... तो विषय त्याने कधी काढला नाही. मामा, माफ कर मला.