रुमालसाहेब आणि बारावं चेंबर

माझ्या पुतण्याला त्याच्या ऑफिसातले लोक मागून ‘रुमालसाहेब’ म्हणतात. नोकरी गटार विभागात आणि नाकावर कायम रुमाल. घाणीला भिण्यात काही वावगं नाही, मीही भितो. पण हा घाणीचा पगार घेतो आणि तिच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याची मला किळस येते. सख्ख्या पुतण्याबद्दल असं लिहावं की नाही, कळत नाही.

लहानपणी भातात केस निघाला की तो ताटावरून उठायचा. वहिनी लगेच दुसरं ताट वाढायची. केस काढून पुढे जेवायला त्याला कोणी शिकवलंच नाही.

मध्यंतरी आमच्या गल्लीत नळाला घाण पाणी येऊ लागलं. चूळ भरतानाही उमासे यायचे. बायको उकळून प्यायची, तरी पोट बिघडून अंथरुणाला खिळली. गटाराच्या कुठल्यातरी चेंबरची भिंत फुटून मैला पाण्याच्या पाइपात झिरपत होता. चेंबर सापडेपर्यंत सुटका नव्हती. सफाई कामगाराने कोपऱ्यापासून एकेक चेंबर उघडून आतला फोटो काढला, शेजारी ठेवलेल्या झाकणासकट. फोटोंना नावं साधीच दिली, एक, दोन, तीन. ते सगळे पुतण्याकडे गेले.

“एकेक नाव कोण बदलत बसणार, काका? स्क्रिप्ट लिहिली, छोटासा प्रोग्राम. बटण दाबलं की सगळ्या फायली ओळीत. आधी रस्त्याचं नाव, पुढे चेंबरचा नंबर.”

“फोटो बघितलेस?”

“शी! ते कशाला बघायचे? जेवण जाणार नाही मग.”

अंथरुणावरून बायको म्हणाली, “नकोच बघूस हो. तू जेव पोटभर. आम्ही तेच पितोय.”

तो हसला.

इंजिनिअरला फुटकी भिंत दिसली ती बाराव्या फोटोत. त्याने न्हाव्याच्या दुकानासमोरचं बारावं चेंबर खणायला लावलं. आतली भिंत धडधाकट निघाली. नळाचा वास तसाच राहिला आणि बायकोला दवाखान्यात ठेवावं लागलं.

न्हावी म्हणाला, “आजोबा, एखादं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी खड्ड्यात पडायचं बाकी आहे. सांगा तुमच्या पुतण्याला, इथली भिंत माझ्या दातांपेक्षा पक्की आहे.”

मी पुतण्याला घरी बोलावलं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवायला लावला आणि म्हटलं, “बारावा उघड.” कॉम्प्युटरपुढे माझी अक्कल ती किती, असं मनात येतच होतं.

त्याने नाकाला रुमाल लावून उघडला. फोटोला रुमाल! काळं पाणी, भिंतीला चिकटलेलं नको नको ते, त्यावर झुरळांचा थर. बाजूला झाकण, आणि झाकणाच्या सिमेंटवर कुत्र्याचे पंजे.

ते पंजे मी रोज बघतो. सिमेंट ओलं असताना शेजारणीचा कुत्रा त्यावरून ऐटीत चालत गेला होता. ते झाकण आमच्या फाटकासमोर आहे, कोपऱ्यापासून दुसरं.

“अरे, दुसऱ्याचा बारावा कसा झाला?”

त्याने स्क्रिप्ट तपासली. तिने आकडे शब्दकोशातल्या अक्षरांसारखे लावले होते, आधी पहिला अंक बघून. एकनंतर दहा, अकरा, असं करत थेट एकोणीस, आणि मग दोन. त्या रांगेत दोनचा नंबर बारावा.

“किरकोळ चूक आहे, काका. एका ओळीचं काम.”

“ओळ सुधार. मग सगळे फोटो उघड. एकेक. झाकणं मी ओळखतो.”

मध्येच तो धावत जाऊन बेसिनमध्ये ओकला. पाठ चोळायला मी उठलो नाही.

आमच्या फाटकासमोर खणलं तेव्हा फुटकी भिंत सापडली. पाणी निवळलं, बायको घरी आली. तो काकूला बघायला आला, फळं घेऊन. बोलता बोलता सांगून गेला, “ऑफिसात निभावलं. म्हटलं, कामगाराने फोटो उलटसुलट पाठवले. त्याला काय, बोलणी खायची सवय असते.”

माझ्या नाकात पुन्हा तो नळाचा वास आला.

बायको भिंत धरून उठली, नळाखाली पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. “पी.”

“काकू, बाटलीतलं नाही का?”

“हेच आहे. पी, आणि मग ऑफिसात जाऊन खरं सांग.”

तो पेल्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.