आधारची झेरॉक्स

धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारा एक माणूस आहे. काविळीचा ‘बी’ विषाणू माझ्या लिव्हरमध्ये कायमचा मुक्कामाला असल्यामुळे दर सहा महिन्यांनी त्याची माझी गाठ पडते. नाव मी कधी विचारलं नाही.

तपासणीच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला, की तो तिच्यावर स्टीलची वाटी पालथी घालतो. कुणी डोकावलं तर म्हणतो, “घाई काहून करता जी? पंधरा मिनिटं त लागतेच.” पट्टीवर प्रयोगशाळेत घडवलेली प्रतिपिंडं असतात. रक्तात विषाणू असला, तर ती त्याला धरून ठेवतात आणि दुसरी रेघ उमटते.

वाटी उचलून तो आधी एकटाच पाहतो. दुसरी रेघ दिसली, तर पेशंटसोबतच्या माणसाला म्हणतो, “आधारची झेरॉक्स आना बरं खालून.” ते माणूस जिना उतरलं, की पेशंटला हळू आवाजात सांगतो. ज्याचं दुखणं, त्याला ते सगळ्यांच्या आधी कळावं, एवढाच त्याचा हट्ट. माझ्या वेळी झेरॉक्स काढायला बायको गेली होती.

स्वतःची तपासणी मात्र ती तीन वर्षं टाळत राहिली. परवा एकदाची आली. त्याला मला पाठवायला निमित्तच उरू नये, म्हणून तिच्या आधारची झेरॉक्स मी घरूनच नेली होती.

पंधरा मिनिटांनी त्यानं वाटी उचलली. मग टेबलावरचा तो कागद घेऊन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “भाऊ, हे पुसट आली. दुसरी काढून आना.”

जिन्यात मी कागद उजेडात धरला. अक्षर न् अक्षर ठसठशीत होतं.