तिसऱ्यांदा लावलेला कौल

देव माझ्याशी बोलत नाही, अशी माझी तक्रार कधीच नव्हती. मीच त्याला बोलू देत नाही, हे मात्र साठी उलटल्यावर कळलं, आणि त्याची शिक्षा बायकोने भोगली.

पौषात एका सकाळी हिचा डावा डोळा लाल झाला, डोकं ठणकू लागलं, उलटी झाली. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली. "अहो, रत्नागिरीला जाऊया नी," एवढंच तिचं मागणं. वाडीतून रस्त्यावर यायला पाखाडीच्या शंभरेक पायऱ्या, तिचे गुडघे कामातून गेलेले, एसटी सकाळची एकच आणि तिचाही भरवसा नाही. मुलगा मुंबईला. पण खरं कारण वेगळंच. मागे ब्लडप्रेशर दाखवायला तिथल्या सरकारी इस्पितळात गेलो तेव्हा मी तासभर चुकीच्या खिडकीपुढे, गरोदर बायकांच्या रांगेत उभा होतो. शेवटी पुढच्या पोरीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कितवा महिना?" बोटीवर नोकरी करून जग पालथं घातलेला मी, तेव्हापासून त्या खिडक्यांना टरकून होतो.

म्हणून देवळात गेलो. आमच्याकडे अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "हिला आज न्यावी काय?" विचारलं. उजवी पडली. म्हटलं, "नीट चिकटली नाय, परत लाव." परत उजवी. गुरव वैतागला, "तात्या, देव दोनदा सांगतोय नी?" मी म्हटलं, "अजून एकदा." तिसऱ्यांदा डावी पडली आणि मी खुशीत नारळ फोडून घरी आलो. हिला सांगितलं, देव थांब म्हणतो. तिने बिचारीने हात जोडले. मग तीन दिवस मी तिच्या कपाळावर सुंठेचा लेप घालत बसलो.

चौथ्या दिवशी नेहमीच्या मासेवालीला ताप होता, म्हणून तिची जाऊ टोपली घेऊन वाडीत उतरली. ही बांगडे निवडायला बसली, पण हात टोपलीबाहेरच्या दगडावरच फिरत राहिला. त्या बाईने हिची हनुवटी धरून डोळा पाहिला. "माझ्या सासूचा असाच गेला." मी कौलाचं सांगू लागलो, तर माझ्यावरच उखडली, "चाचा, ते मागनं सांगा. खुर्ची आणा आधी!"

वाडीतल्या दोघांनी हिला खुर्चीत बसवून पाखाडी चढवली. वर त्या बाईच्या नवऱ्याचा टेम्पो होता. बर्फाच्या खोक्यांना टेकून आम्ही आरे-वारेच्या वळणांवरून रत्नागिरी गाठली. त्या बाईने आम्हाला इस्पितळातल्या नेमक्या खिडकीपाशी नेऊन उभं केलं आणि उरलेले मासे विकायला ती निघून गेली. पुन्हा आमच्या वाडीत कधी आली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दुखू लागलं त्याच दिवशी का नाही आणलंत? काचबिंदूने डावा गेला. उजव्यालाही हाच धोका आहे, पण आता लेसर केलं की तो वाचेल."

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोनदा सांगितलंन होतं देवानं?" मी मान हलवली. तिला ती दिसली की नाही, कोण जाणे.

उजव्या डोळ्यासाठी त्या अनोळखी बाईच्या रूपाने जे आलं, त्याला मी रोज हात जोडतो. आता देवासमोर काही विचारत नाही, नुसता उभा राहतो. बाहेर पडलो की मी हिच्या डाव्या बाजूने चालतो. त्या बाजूचा मी तिला दिसत नाही. ती माझा दंड धरते आणि बेधडक पाऊल टाकते. एवढं निर्धास्त होणं मला अजून देवापाशीही जमलेलं नाही.