आत्मसंगीत आणि नारळ

तमाम नाशिककरांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, काही वर्षांपूर्वी आपल्या शहरात एका बँडचा, शाल-श्रीफळ देऊन, भर सभागृहात गळा दाबण्यात आला. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला अजून राग येतो आणि तो मी आवडीने जपला आहे.

हा बँड मला सातपूरला सापडला. कंपनीतल्या मित्राने जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर सीडी लावली. पुण्याची नवी पोरं, पण वाजवत होती जुन्या अमेरिकन सोल संगीताच्या ढंगात. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि एक गायिका. शेवटच्या गाण्यात तिने अशी काही हाक मारली की माझा घास हातातच राहिला. ती हाक मला समोर बसून ऐकायची होती. बस्स, एवढंच.

आणि ते नाशिकला आले! पण आयोजक मंडळाने पत्रकावर ‘सोल’चं मराठी केलं : ‘आत्मसंगीत’. झालं! हॉल भरला तो चपला दाराबाहेर काढून आलेल्या ज्येष्ठांनी. शेजारच्या आजींच्या हातात जपमाळ.

"महाराज कधी यायचे हो?" त्यांनी मला विचारलं.

महाराज नव्हतेच, सत्कार होते. अध्यक्षांचा, पाहुण्यांचा, पाहुण्यांना गाडीतून घेऊन आलेल्यांचा, माईकवाल्याचा. प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर ‘दोन शब्द’. मागे बँड ताटकळत उभा. सॅक्सोफोनवाल्यालाही नारळ दिला. तो कुठे ठेवायचा हे त्या बिचाऱ्याला कळेना.

"अहो, गाणं ऐकवा!" मी ओरडलो.

"काका, शांत बसा. सत्कार चालूये," कार्यकर्ता माझ्यावरच डाफरला.

हॉल नऊला सोडायचा होता. गाणी सुरू झाली तेव्हा आठ वाजून गेले होते. पण काय वाजवलं त्यांनी! सुरुवातीला लोक हात जोडून बसलेले. मग माना डोलू लागल्या. आजींची माळ ठेक्यावर फिरू लागली. शेवटचं गाणं आलं. गायिकेने डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला, हाक ओठांवर आली...

आणि मंडळाचे चिटणीस माईक घेऊन पुढे!

"वेळेअभावी आपण इथेच थांबतोय. आता आभारप्रदर्शन."

मी ताडकन उठलो. तेवढ्यात शेजारी आजी उभ्या राहिल्या आणि माळेसकट मूठ उगारून कडाडल्या,

"ए मेल्या, आभार घरी जाऊन मान! आत्ता कुठं माझा आत्मा हलायला लागलाय!"