बाबांची सीडी

बाबा बोटीवर होते. दिवाळीच्या आठवडाभर आधी त्यांच्या बोटीवरचे हेदवीचे एक गृहस्थ सुट्टीवर आले आणि बाबांनी पाठवलेली सीडी देऊन गेले. तिच्यात फोटो आहेत, शिवाय बाबा कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बोललेत, असं त्यांनी सांगितलं. आईने बाबांना दहा महिने पाहिलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरपुढे बसली.

सीडी उघडेना.

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि ते मीच घातलं होतं, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून, कोणालाही न विचारता. त्यात सीडी नुसती आत सरकवून भागत नसे. ती 'माउंट' करावी लागे, म्हणजे आज्ञा टाइप करून मशीनला तिची ओळख करून द्यावी लागे. मी आज्ञा दिली. उत्तर आलं, फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा असेल, पर्याय चुकीचा असेल, नाहीतर सुपरब्लॉक खराब असेल. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. इंग्रजीत छापून आलेल्यावर माझा माणसांपेक्षा जास्त विश्वास. त्यामुळे एकेक 'असेल' घेऊन बसले. प्रकार बदलला. सेटिंगच्या फाइलमधली ओळ खोडून पुन्हा लिहिली. दर वेळी सीडीचा ट्रे आत, घरघर, आणि तेच वाक्य.

दुसऱ्या दिवशीही तेच. आई स्वयंपाकघरातून येऊन मागे उभी राही, पडद्यावरचं तेच वाक्य बघे आणि परत जाई. त्याचा मला जास्त राग येई. शेवटी ती म्हणाली, शेजारच्या काकांकडे विंडोज आहे, तिथे लावून बघू. मी नको म्हटलं. बाबा आईशी जे बोलले असतील ते काकांच्या घरच्यांनी चहा पीत ऐकावं, हे मला सहन होणारं नव्हतं. शिवाय मी लिनक्स घातलं तेव्हा काका म्हणाले होते, "चालत्या गाडीचं इंजिन काढून ठेवलंस गो बाय." ते मी विसरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आई भाजी निवडत जवळच बसली होती. मी पुन्हा ट्रे आत ढकलला.

"सुपात तांदूळ फिरवल्यासारखा आवाज येतोय गो," ती म्हणाली.

सीडी फिरली की आवाज येतोच, असं मी चिडून म्हटलं. आणि म्हणता म्हणता दसरा आठवला.

दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळी, शिलाई मशीन सगळं पुजतात. त्या वर्षी कॉम्प्युटरही होता. पुस्तक उघडून पुजतो तसं याचं काही उघडतं का, असं आईने विचारलं होतं. मी बटण दाबलं. ट्रे पुढे आला आणि तिने त्यावर हळदकुंकू, फूल, अक्षता वाहिल्या. काही बिघडणार नाही ना, हेही विचारलं. तिचा हिरमोड करवेना, म्हणून मी नाही बिघडणार म्हटलं. नंतर फूल उचललं, ट्रे पुसला आणि आत ढकलला. त्यानंतर ड्राइव्ह वापरायची वेळच आली नव्हती.

मी ट्रे उघडून सीडी काढून घेतली, कॅबिनेट पुढे कलंडवलं आणि दोन थापा मारल्या. कुंकवाने लाल झालेले तीन दाणे ट्रेवरून घरंगळत जमिनीवर पडले. सीडी उलटी करून पाहिली. पहिल्या दिवशी ती आरशासारखी होती. आता तिच्यावर गोल गोल ओरखडे होते. मी जितक्या वेळा हट्टाने फिरवली असेल तितके.

सीडी परत आत घातली. या वेळी ती माउंट झाली. फोटो उघडले. बाबा डेकवर, नारिंगी बॉयलर सूटमध्ये, बारीक झालेले. मग मी त्यांच्या बोलण्याची फाइल लावली. त्यांनी घसा साफ केला, आईच्या नावाचं पहिलं अक्षर उच्चारलं आणि चित्र तिथेच थिजलं.

आईने दाणे तळहातावर घेतले होते. सीडी शेजारी नेली असती तर पहिल्याच दिवशी ऐकायला मिळालं असतं, मीच नको म्हटलं, असं मी तिला सांगितलं.

"आले की बोलतील," ती म्हणाली. आणि अक्षता पायदळी जाऊ नयेत म्हणून त्या तुळशीत घालायला अंगणात गेली.

मी पुन्हा आज्ञा टाइप करायला घेतली.