हक्काच्या ओळीतलं साल

मराठी शुद्धलेखन तपासणारं आमचं सॉफ्टवेअर मुक्त आहे. कुणीही वापरावं, बदलावं. त्यात इतरांनी लिहिलेल्या फाइलीही आहेत. प्रत्येकीच्या माथ्यावर लेखकाचं नाव, कॉपीराइटच्या हक्काचं साल आणि परवाना असतो: खुशाल वापरा, नाव मात्र काढू नका. अशी कितीतरी नावं डोळ्यांखालून जातात. आम्ही अटी वाचतो, माणसं वाचत नाही.

गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. त्यांचा भाऊ मिलिंद नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला. इंटरनेटवर शोधताना त्यांना आमच्याकडची त्याची फाइल सापडली होती.

“नावापुढे यंदाचं साल आहे. घरी एक फोन करायला होत नाही, आणि तुमच्याकडे दरवर्षी हजेरी! पत्ता नका देऊ. बरा आहे ना, तेवढं सांगा.”

मी फाइल उघडली. साल यंदाचंच होतं. दर जानेवारीत आमच्या फाइलींवरचं साल बदलणारा छोटा प्रोग्राम मीच लिहिला होता. इतरांच्या फाइली त्यातून वगळायला विसरलो होतो.

ते साल मिलिंदनं नव्हे, माझ्या प्रोग्रामनं घातलंय, हे त्यांना सांगितलं. 

फोन चालू असतानाच मी मूळ, जुनं साल परत घातलं आणि तसं त्यांना कळवलं. सॉफ्टवेअर पूर्वीसारखंच चाललं. त्या ओळीवाचून त्याचं काही अडत नाही.

“आता नावही काढाल?” त्यांनी विचारलं.

“नाही, ताई. ते काढायची आम्हाला परवानगी नाही.”