बागेश्रीची कॅसेट

चौथी मुलगीही त्याच जागी खाकरली, तेव्हा शमीम मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"सर, लातूरला घशाची साथ आलीय का हो?"

"नाही मॅडम. उन्हाळा आहे. धूळ असते," मी म्हटलं. पण त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. कारण ते खाकरणं माझं होतं.

बी.ए. तृतीय वर्षाची संगीताची प्रॅक्टिकल चालली होती. शमीम मॅडम नांदेडहून एक्स्टर्नल म्हणून आल्या होत्या, म्हणजे बाहेरच्या परीक्षक. मी इंटर्नल, म्हणजे ज्यानं शिकवलं तोच. बागेश्री खरं तर रात्रीचा राग. परीक्षेत तो सकाळी साडेअकराला पंख्याखाली गावा लागतो. त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

आता त्या खाकरण्याचं सांगतो. भूकंपाला काही वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. ज्याच्या त्याच्या तोंडी बोर्डातला नंबर, मेडिकलचा नंबर. आमच्या प्राचार्यांनी एक दिवस मला स्टाफरूममध्ये गाठलं. "सर, सायन्सवाल्यांनी पॅटर्न काढला. तुमच्या संगीताचा निघतो का बघा. हे डिपार्टमेंट कशाला ठेवायचं, असं मॅनेजमेंट विचारून राहिलंय."

मी पेटलो. प्रत्येक रागाचे आठ आलाप आणि आठ ताना बसवल्या. आलाप म्हणजे रागाचे स्वर सावकाश उलगडायचे, तान म्हणजे तेच स्वर भरभर घ्यायचे. माझ्या आवाजात कॅसेट भरली आणि प्रत्येकाला कॉपी दिली. पाठ करा, म्हणा, मार्क घ्या. दोन वर्षं असा निकाल लागला की प्राचार्यांनी माझा सत्कार केला. मीही छाती फुगवून हार घालून घेतला.

बागेश्री भरली त्या दिवशी मला सर्दी होती. पाचव्या आलापानंतर मी खाकरलो आणि पुढं गेलो. पुन्हा कोण भरत बसतो, म्हणून तसंच ठेवलं.

मॅडमनी त्या मुलीला जवळ बोलावलं. "बेटा, तिथं का थांबलीस?"

"कॅसेटमध्ये तसंच हाय, मॅडम."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तबलजीनं तोंड फिरवलं, तो हसत होता. मॅडम मात्र हसल्या नाहीत. दुसरं कुणी असतं तर हा किस्सा मराठवाडाभर फिरवला असता. त्या उठल्या, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बटण त्यांनी बंद केलं आणि पेटीवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही जरा चहा घेऊन या."

हा तानपुरा म्हणजे एक डबा. तो सतत 'सा' धरून ठेवतो. गाणारा भरकटला की त्याला वाटेवर आणतो. पेटी तर त्याच्या पुढचं काम करते, मुलाच्या आधी स्वर दाबून त्याला उचलून नेते. आमचा पेटीवाला मायाळू होता. इतकी वर्षं आम्ही निम्मे मार्क त्यालाच देत होतो, हे मला त्या मिनिटाला कळलं.

"आता दोन मिनिटं असंच गायचं," मॅडम मुलांना म्हणाल्या. "पाठ केलेलं नको, मनाचं. मग मी मशीन चालू करीन. तुमचा सा आणि मशीनचा सा एक निघाला, की झालं."

काय बाई होती! ना सिलॅबसमध्ये, ना कुठल्या पुस्तकात. एका बटणात तिनं माझ्या तीन वर्षांच्या शिकवण्याची परीक्षा लावली.

माझा टॉपर आधी आला. अर्ध्या मिनिटात त्याचा सूर खाली घसरला आणि पठ्ठ्याला पत्ताच नाही. मशीन चालू झालं तसा तो दचकला. बाकीचेही कुणी खाली, कुणी वर. दोन मुली कशाबशा जवळपास राहिल्या.

शेवटचं नाव महानंदाचं होतं. मी मॅडमच्या कानाशी म्हटलं, "हिचं थोडक्यात घ्या. कच्ची आहे."

ही पोरगी भूकंपात पडलेल्या आणि नंतर दुसरीकडं वसवलेल्या गावातून यायची. दोन एसटी बदलून. सकाळचा तास हमखास बुडायचा. कॅसेटमधला एकही आलाप तिला धड येत नव्हता. मी तिला इंटर्नलला, म्हणजे माझ्या हातातल्या मार्कांत, वीसपैकी सहा दिले होते आणि यादी आठवड्यापूर्वीच विद्यापीठात गेली होती. पास व्हायला आठ लागायचे. इंटर्नलला नापास म्हणजे वर्ष गेलं. औशाकडच्या एका निवासी शाळेनं तिच्यासाठी संगीत शिक्षिकेची जागा धरून ठेवली होती, पण जूनमध्ये डिग्री दाखवायची होती. हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "मग कॅसेट पाठ करायची होतीस."

महानंदा मांडी घालून बसली. डोळे मिटले. एक सा लावला, आणि सावकाश वर जायला लागली. माझा एकही आलाप नव्हता त्यात. दोन-चार स्वरांतच घुटमळायची, परत यायची, पुन्हा दुसऱ्या बाजूनं जायची. पण बागेश्रीच होता. तबलजी हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. दोन मिनिटं झाली तरी मॅडमनी थांबवलं नाही. मग हळूच बटण दाबलं.

तानपुरा सुरू झाला आणि तिचा सा त्यात मिसळून गेला. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"वादी स्वर कोणता?" मॅडमनी विचारलं. वादी म्हणजे रागाचा मुख्य स्वर.

महानंदा गडबडली. "ते नाव डोक्यात बसत न्हाई मॅडम. पण म वर थांबलं की घरी आल्यावाणी वाटतंय."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "वादी म्हणजे आणखी काय असतं हो सर?"

उत्तर बरोबर होतं. बागेश्रीचा वादी मध्यमच.

"कुठं शिकलीस हे?"

"मठात, भजनात. पेटी भूकंपात गेली. दुसरी यायला लई वर्षं लागली. तवर पेटीबिगरच म्हणत होतो. भजन शिकवणारे काका मधीच टाळी वाजवून सगळ्यांना थांबवायचे आन् म्हणायचे, सा कुठाय, दावा."

"आणि सरांची कॅसेट?"

ती खाली बघायला लागली. "आमच्याकडं टेप न्हाई, मॅडम. सरांना कसं सांगावं..."

तीन वर्षं ती माझ्यासमोर बसत होती. घरी टेप आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला इतकी लाज कधीच वाटली नाही.

मुलं गेल्यावर मॅडमनी विचारलं, "इंटर्नल किती दिलेत तिला?"

"सहा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग कागद आवरत म्हणाल्या, "माझे मी देते. तुमचे मला बदलता येत नाहीत. तुमच्या कानाचे आहेत ते." तक्रार करीन म्हणाल्या नाहीत, उपदेशही केला नाही. चहा घेतला आणि नांदेडची बस धरली.

पाठवलेले मार्क बदलायचे तर शिक्षकानं आपली चूक लिहून द्यायची आणि त्यावर प्राचार्यांनी सही करायची. मी पत्र घेऊन केबिनमध्ये गेलो. सहाचे अठरा बघून साहेबांचा चष्मा खाली आला.

"कारण काय लिहिलंय?"

"अजून लिहिलं नाही."

"मग बेरजेत चूक लिहा. सगळे तेच लिहितात. कुणी विचारत नाही."

"बेरीज बरोबर होती, सर."

"अहो, मग काय लिहिणार? तुमचा सत्कार केलाय मी! युनिव्हर्सिटी मेमो देईल, मॅनेजमेंट मला धारेवर धरेल. डोकं ठिकाणावर आहे का?"

मी त्यांच्यासमोरच पेन काढून लिहिलं, 'शिक्षकाने विद्यार्थिनीचे गाणे नीट ऐकले नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग पुटपुटत का होईना, सही केली. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मेमो आला. तो माझ्या सर्व्हिस बुकात रिटायर होईपर्यंत होता. डिपार्टमेंट बंद पडलं नाही. त्यानंतर मी खूप परीक्षा घेतल्या, आणि मुलगा गायला बसला की आधी पेटी बंद करायचो. मुलं मला शिव्या घालत असतील, घालोत.

जूनमध्ये महानंदा पेढे घेऊन आली. सेकंड क्लास मिळाला होता, शाळेत रुजूही झाली होती. पाया पडून म्हणाली, "सर, तुमी मार्क वाढवून दिले म्हणून झालं."

"वाढवले नाहीत गं," मी म्हटलं. "तुझेच होते. माझ्याकडं अडकून पडले होते."